एक सूत कमी

ह्यूस्टनला आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना दाखवायच्या जागा ठरलेल्या असतात. पहिल्या दिवशी नासा, दुसऱ्या दिवशी पेअरलँडचं मीनाक्षी मंदिर, तिसऱ्या दिवशी गॅल्व्हस्टनचा समुद्र. गेल्या दोन वर्षांत मी त्यात एक भर घातली आहे. संध्याकाळचा चहा झाला की पाहुण्यांना गाडीत घालते आणि घरापासून दहा मिनिटांवरचं बार्कर धरण दाखवायला नेते.

पाहुणे बांधावर चढतात, डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात आणि विचारतात, "धरण कुठाय?" कोयना आणि राधानगरी बघितलेल्या माणसाने असं विचारणं साहजिक आहे. समोर असतो तो गवताने झाकलेला मातीचा बांध, बुटका पण मैलोन् मैल पसरलेला. त्यावरून लोक चालतात, सायकली चालवतात. आतल्या बाजूला जॉर्ज बुश पार्क, सॉकरची मैदानं, झाडी, क्वचित हरणं. पाणी औषधालाही नाही.

हे धरण कोरडंच असायचं असतं. १९२९ आणि १९३५ साली इथल्या बफेलो बायूला मोठे पूर आले आणि ह्यूस्टनचा मधला भाग बुडाला. बायू म्हणजे संथ, गढूळ ओढा. आपल्या डोळ्यांना तो नदी वाटणार नाही. त्या पुरांनंतर लष्कराच्या अभियंत्यांनी शहराच्या पश्चिमेला दोन कोरडे जलाशय बांधले. बार्कर १९४५ मध्ये पूर्ण झालं, ॲडिक्स त्यानंतर. पाऊस झाला की पाणी इथे अडवायचं, मग दरवाजे उघडून बेताबेताने बायूत सोडायचं, म्हणजे खालचं शहर वाचतं. तेव्हा या बाजूला भातशेती आणि गुरांची कुरणं होती. पुढे शहर वाढत वाढत धरणाच्या मागे येऊन पोचलं. सरकारने जलाशयासाठी जेवढी जमीन विकत घेतली होती, त्याच्याही पलीकडे, जलाशय काठोकाठ भरला तर, पाणी चढू शकतं. त्या मधल्या पट्ट्यात हजारो घरं झाली. त्यातलं एक आमचं. वसाहतीच्या नोंदणीकृत नकाशावर बारीक अक्षरांत तशी सूचना छापलेली होती हे आम्हाला नंतर कळलं. घर घेताना आम्ही ओटा किती लांब आहे ते बघत होतो. शिवाय पूररेषेच्या नकाशात आमचं घर नव्हतं, म्हणून पुराचा विमाही नव्हता.

म्हणजे आम्ही धरणाच्या खाली राहत नाही, धरणाच्या आत राहतो. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये इमेल्डा वादळ आलं तेव्हा मी दिवसातून दोनदा बांधावर जाऊन पाणी बघून आले. आमच्यापर्यंत काही आलं नाही. पण आता ही सवय जाणार नाही.

२०१७ साली गणेशचतुर्थी २५ ऑगस्टला होती आणि त्याच रात्री हार्वे वादळ रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला धडकलं. सासू-सासरे मे महिन्यात सांगलीहून आले होते. आमचा गणपती दीड दिवसाचा. शनिवारी संध्याकाळी दोन सरींच्या मध्ये जरा उघडीप मिळाली तेव्हा बाबांनी मागच्या अंगणात बादलीत विसर्जन केलं. त्या रात्री जो पाऊस लागला तो थांबेचना. टेक्सासातल्या नीदरलँड या गावी त्या वादळात एकूण ६० इंचांवर पाऊस मोजला गेला, म्हणजे दीड मीटर. सांगली शहरात दोन वर्षांत मिळून एवढा पडत असेल-नसेल.

आमच्या घरात पाणी वरून आलं नाही, मागून आलं. जलाशय फुगत गेला आणि त्याचा काठ आमच्या गल्लीत सरकला. सोमवारी संध्याकाळी पाणी कोपऱ्यावरच्या टपालपेट्यांपाशी होतं, रात्री दाराशी, पहाटे सोफ्याखाली. आवाज नाही, लोंढा नाही. आईंनी देवघर, तांब्याची भांडी आणि लाडवांचा डबा वरच्या मजल्यावर नेला. मंगळवारी बोटीतून बाहेर पडताना बाबा म्हणाले, "कृष्णा निदान सांगून येते."

जलाशयातलं पाणी ओसरायला दिवस लागतात. आम्ही ग्रँड पार्कवेच्या पलीकडे एका मराठी मित्राच्या घरी राहिलो, पाच माणसं एका खोलीत. शनिवारी, ९ सप्टेंबरला, परत आलो. भिंतींवर पाण्याची रेघ होती, टाइल्सपासून बावीस इंचांवर, पट्टीने आखल्यासारखी. मला वाटलं, आता धुवायचं, पुसायचं, वाळवायचं. २००५ साली सांगलीला महापुरात सासरच्या घरात सव्वा फूट पाणी आलं होतं. तेव्हा आईंनी गाळ खरवडला, भिंती चार वेळा धुतल्या, दिवाळीआधी चुना मारला आणि घर उभं राहिलं. घर उभंच होतं म्हणा. नऊ इंची विटांच्या भिंतीला काय होतंय?

इथे पिवळे टी-शर्ट घातलेले चर्चचे स्वयंसेवक आणि आपल्या मंडळातले पाच-सहाजण आले, त्यांनी टेप काढला, जमिनीपासून चार फुटांवर खुणा केल्या आणि भिंत कापायला घेतली. चाकूने. लोणी कापावं तशी भिंत कापली जात होती. दोन तासांत खालच्या मजल्याच्या सगळ्या भिंती कमरेच्या वर संपल्या. खाली नुसते उभे लाकडी दांडे, ज्यांना इथे स्टड म्हणतात. स्वयंपाकघरात उभं राहिलं की आरपार न्हाणीघर दिसत होतं. आमच्याच भिंतींचे ओले तुकडे ढकलगाडीतून रस्त्याच्या कडेला जात होते. गल्लीत प्रत्येक घरापुढे तसाच ढीग, छातीएवढा उंच, आणि सगळ्यांचा मिळून एक आंबूस वास. बाबा घडीची खुर्ची घेऊन अंगणात बसून राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "हे घर होतं की खोकं?"

मी त्यांच्याशी मनातून सहमत होते. अमेरिकेत आल्यापासून मी या भिंतींना नावंच ठेवत होते. खिळा ठोकावा तर आत पोकळ. शेजारच्या खोलीत कुणी शिंकलं तरी इकडे ऐकू येणार. या कागदी भिंतींसाठी तीस वर्षांचं कर्ज!

पण कागदी म्हणणं अर्धवट आहे, हे मला नंतर कळलं. आत असतो जिप्सम, दोन्ही बाजूंनी जाड कागदाचं आवरण. ऑगस्टीन सॅकेट नावाच्या माणसाने १८९४ साली याच्या पहिल्या अवताराचं पेटंट घेतलं. त्याआधी इथेही भिंतींना लाकडी पट्ट्या ठोकून त्यावर ओला गिलावा थापत असत, थरावर थर, आणि तो सुकायची वाट बघत असत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास शीटरॉक हे व्यापारी नाव आलं, पण लोकांना ती नकली भिंतच वाटायची. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांसाठी झटपट घरं हवी होती आणि गिलावा करणारे कारागीर पुरत नव्हते, तेव्हा हीच भिंत देशभर झाली. टेक्सासात ड्रायवॉल कुणी म्हणत नाही, शीटरॉकच म्हणतात. ती बसवणारे बहुतेक कारागीर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले, ते म्हणतात टाब्लारोका.

जिप्सम तापवला की त्यातलं पाणी उडतं आणि जे उरतं ते प्लास्टर ऑफ पॅरिस. त्यात पाणी घातलं की ते पुन्हा घट्ट होऊन जिप्सम होतं. भिंतीतल्या जिप्समच्या वजनाचा साधारण पाचवा भाग पाणीच असतो, स्फटिकात बांधलेलं. आग लागली तर आधी ते पाणी वाफ होऊन जातं आणि तोवर मागचं लाकूड वाचतं. म्हणजे आगीपासून वाचवायला भिंतीत पाणी, आणि पुराच्या पाण्याने त्याच भिंतीचा लगदा. हे मी बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "म्हणजे पेणचा पीओपीचा गणपती आणि तुमची भिंत एकाच मातीची. गणपती विरघळत नाही म्हणून लोक ओरडतात, आणि भिंत विरघळली म्हणून तुम्ही रडताय."

चार फुटांचंही कारण आहे. पाणी बावीस इंच असलं तरी भिंत ते वातीसारखं वर ओढते. आणि नवी शीट चार फूट रुंद, आठ फूट लांब येते. ती आडवी लावली की बरोबर तेवढी उंची भरते. कापणारे लोक बसवणाऱ्यांचा विचार करून कापत होते, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही.

मग वाळवण. भाड्याचे पंखे आणि हवेतली ओल शोषणारी यंत्रं दिवसरात्र घरघरत होती. लाकडात दोन सुया टोचून ओल मोजायचं एक छोटं यंत्र मिळतं. आकडा १५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय भिंत बंद करायची नाही, नाहीतर आत बुरशी. पहिल्या दिवशी तो तिसाच्या वर होता. लेकीने वहीत तक्ता केला आणि रोज शाळेतून आली की ती प्रत्येक खोलीतला एक दांडा मोजायची. दिवाळीला, १९ ऑक्टोबरला, आकडा चौदापर्यंत आला होता. त्या वर्षी आम्ही पणत्या फरशीवरच, लाकडापासून लांब ठेवल्या. भिंती नसल्यामुळे देवघरातली पणती जिन्यापासून दिसत होती. चकल्या मैत्रिणीने पाठवल्या.

पैशांचं सांगते, कारण भारतातल्या नातेवाइकांना वाटतं की अमेरिकेत सरकार सगळं भरून देतं. त्या वर्षी फेमाच्या घरगुती मदतीची कमाल मर्यादाच ३३,३०० डॉलर होती आणि बहुतेकांना त्याच्या जवळपासही मिळालं नाही. आम्ही व्हिसावरची माणसं, आमच्या नावावर ती मदत मिळत नाही. पण लेक इथे जन्मलेली, म्हणून अर्ज तिच्या वतीने करता आला. तिसरीतल्या मुलीच्या नावाने सरकारी पत्रं येऊ लागली. ती ती उशाखाली ठेवायची.

काम करून देतो म्हणून एका कंत्राटदाराने चार हजार डॉलर आगाऊ घेतले. दोनदा येऊन मापं घेऊन गेला, मग त्याचा फोन लागेना. सगळं शहरच भिंती बसवत होतं, त्याला दुसरीकडे जास्त मिळाले असतील. त्या आठवड्यात नवरा म्हणाला, "विकून टाकू." चौकाचौकांत विजेच्या खांबांवर पाट्या लागल्या होत्या, आहे त्या स्थितीत घर रोखीने घेतो म्हणून. एकाने आकडाही सांगितला होता. तो आमच्या कर्जापेक्षा कमी होता. मला विकायचं नव्हतं असं म्हणणार नाही. मला त्या घराची भीतीच वाटत होती. पण विकून जाणार कुठे, आणि हातात काय घेऊन, याचं उत्तर दोघांकडेही नव्हतं. जेवणं मुकाट्याने होत होती.

समोरच्या घरात सत्तरीच्या एक आजी राहतात. त्यांचे यजमान घरं बांधायचे, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्याही घरात पाणी होतं. एका सकाळी बघते तर आजी गुडघ्यांना पट्टे बांधून दिवाणखान्यात एकट्याच शीट लावतायत. मी धावत गेले. त्या म्हणाल्या, "हनी, धर जरा तिकडून." मी धरलं. दुपारपर्यंत आम्ही चार शीट लावल्या. घरी येताना त्यांनी माझ्या हातात एक चाकू, एक मोठा टेप आणि एक ॲल्युमिनियमची टी-आकाराची पट्टी दिली. ती पट्टी बघितल्यावर बाबा खुर्चीतून उठले. "अगं, हा तर गुण्या. एवढा मोठा!"

बाबा किर्लोस्करवाडीला कारखान्यात आयुष्यभर मापं घेत आले. निवृत्तीनंतर सांगलीच्या घराचा वरचा मजला स्वतः उभं राहून बांधून घेतला. सहा आठवडे ते पाहुण्यासारखे अंग चोरून बसले होते. त्या दिवसापासून ते कामाला लागले.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते. शीट कापणं मुळीच अवघड नाही. गुण्या लावायचा, चाकूने वरचा कागद एकदाच, सरळ, न थांबता चिरायचा. मग शीट उभी करून रेघेच्या मागून गुडघ्याने हलकी टेचायची. चॉकचा खडू मोडतो तशी ती कट् करून मोडते. मागचा कागद बिजागरीसारखा धरून असतो, तो खालून चाकूने कापला की झालं. आठ वर्षांच्या मुलीलाही जमतं. अवघड आहे ते मोजणं.

टेपच्या टोकाचा आकडा हलतो. मला वाटलं टेप बिघडलेला आहे. बाबांनी तो दोनदा हलवून बघितला आणि म्हणाले, मुद्दाम आहे. तो आकडा स्वतःच्या जाडीएवढाच हलतो. बाहेरून अडकवून माप घेतलं की पुढे येतो, कोपऱ्यात टेकवून घेतलं की मागे जातो, म्हणजे दोन्ही मापं खरी. दहा वर्षं घरात टेप होता, मला हे माहीत नव्हतं.

आणि मग इंचांच्या आतल्या रेघा. मी मराठी शिकवणारी बाई, अपूर्णांकांशी माझा संबंध दहावीनंतर संपला होता. नवरा मोजून इंग्रजीत ओरडायचा, एकसष्ट आणि तीन अष्टमांश, आणि मी खाली चौसष्ट का काहीतरी आखायची. दोन शीट अशा गेल्या. लेक तिसरीत अपूर्णांकच शिकत होती, ती माझ्याकडे दयेने बघायची. शेवटी बाबा म्हणाले, "सुतात सांगा रे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपल्याकडे सुतार, लोहार, गवंडी सगळे त्यातच बोलतात; स्लॅबच्या वेळी तीन सुती सळई आणा म्हणतात ती हीच. चार सूत म्हणजे अर्धा इंच, दोन सूत म्हणजे पाव. त्याहून बारीक रेघ असेल तर अर्धं सूत. त्या क्षणापासून माझं माप चुकलं नाही. "एकसष्ट, तीन सूत!" अशी आरोळी आली की हात आपोआप योग्य रेघेवर जायचा. साडे, सव्वा, पावणे हे शब्द तर आपल्याकडे तयारच आहेत. बाबांनी लेकीला पावकी आणि निमकी म्हणून दाखवली, लहानपणी शाळेत पाठ केलेली, एकही अडखळण न घेता. ती म्हणाली, "आजोबा, रॅप करतायत." कसेबसे हसू आवरून आम्ही पुढची शीट उचलली.

एक शीट साधारण पन्नास पौंडांची. आम्हाला एकसष्ट लागल्या.

मोजायचं वरही आणि खालीही, कारण कुठलंही घर काटकोनात नसतं. जिन्याजवळच्या भिंतीला वर एकसष्ट तीन सूत होतं आणि खाली एकसष्ट पाच सूत. मी मध्यावरचं माप घेणार होते, एकसष्ट चार सूत, शाळेतली सरासरी. आजींनी मान हलवली. कमीतलं घ्यायचं, आणि त्यातूनही एक सूत वजा करायचं. म्हणजे एकसष्ट दोन सूत, "सव्वाएकसष्ट," बाबा म्हणाले. घट्ट बसणारा तुकडा ठोकून बसवायला गेलं की त्याची कड भुगा होते. जरा सैल असला की अलगद बसतो, आणि उरलेली फट पुट्टीने भरून निघते. मला हे पटायला वेळ लागला. मापात मुद्दाम कमी करायचं हे मनाला पटत नव्हतं; शाळेत मी अर्ध्या गुणासाठी मुलांशी वाद घातलेली बाई. पण "एक सूत कमी" हा आमच्या घरात त्या महिन्याचा मंत्र झाला. शीट भिंतीशी नेताना कुणीतरी विचारायचंच, "कमी केलं ना?"

दुसरी गोष्ट, जमिनीची. शीट जमिनीला टेकवायची नाही, चार सूत वर ठेवायची, म्हणजे पुढे कधी फरशीवर पाणी सांडलं तर ती ते ओढत नाही. फट खालच्या लाकडी पट्टीमागे लपते. शीट वर उचलून धरायला आजींनी दोन लाकडी तुकड्यांची तरफ केली होती: पायाने दाबली की शीट वर, हात स्क्रू मारायला मोकळे. आईंनी ते काम घेतलं. नऊवारी नाही, पण पाचवारीतल्या माझ्या सासूबाई एका पायाने तरफ दाबून भिंतीला हात लावून उभ्या, हा फोटो आमच्याकडे आहे आणि तो इथे छापायला त्यांनी मनाई केली आहे.

त्यात भर म्हणजे स्वयंसेवकांनी घाईत कापलेली रेघ कुठे सत्तेचाळीस, कुठे एकोणपन्नास इंचांवर लाटेसारखी गेली होती. त्यांना नावं ठेवत नाही. पण चार फुटी शीट तिथे बसेना. शेवटी बाबांनी निळ्या खडूची दोरी मागवली, दोन टोकांना ताणली आणि मध्ये चिमटीत धरून सोडली. भिंतीवर सरळ निळी रेघ उमटली. सूत मारणं हे मी वाक्प्रचारासारखं ऐकलं होतं, बघितलं पहिल्यांदा. त्या रेघेवर सगळी जुनी भिंत पुन्हा कापून घेतली, साडेअठ्ठेचाळीसवर: अठ्ठेचाळीस शीटचे आणि चार सूत खालच्या फटीचे.

माझी मोठी चूक विजेच्या बोर्डाची. बोर्ड जिथे येतो तिथे शीटला चौकोनी भोक पाडावं लागतं. डावीकडून एकोणीस इंच, खालून बारा, मी अगदी नीट मोजलं, टोकदार करवतीने भोक पाडलं, शीट उचलून लावली आणि भोक उजव्या बाजूला. शीट पालथी पडलेली होती. मी पाठीवर आखलं होतं. आरशात बघून भांग पाडल्यासारखं झालं. तो तुकडा कपाटाच्या आतल्या भिंतीत लावला, एका निरुपयोगी खिडकीसकट, आणि भोक दुसऱ्या तुकड्याने बुजवलं. अजून हात फिरवला की लागतं.

छताचं आणि शेवटच्या पुट्टीचं काम आम्ही केलं नाही. त्यासाठी आजींच्या ओळखीचा एक होंडुरासचा कारागीर आला. त्याने आमच्या भिंतींवर बोटं फिरवली, सांधे बघितले, मला विचारलं, कुणी बसवलं? मी म्हटलं, आम्ही. त्याने स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हटलं आणि बाबांच्या पाठीवर थाप मारली. बाबांना स्पॅनिश येत नाही, त्याला मराठी येत नाही, पण दोघे दुपारभर बोलत होते. त्याच्याकडेही टेप होता.

या देशात तोवर मला कुठल्याही कामाचा पगार घ्यायची परवानगी नव्हती. परवान्याचा अर्ज कुठल्या तरी गठ्ठ्यात होता. नऊ वर्षं फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात मी गृहिणी लिहीत आले. तो शब्द मला आवडायचा नाही. त्या नोव्हेंबरात लेकीच्या शाळेचा फॉर्म भरताना मी तोच शब्द लिहिला आणि पेन थांबवून जरा वेळ बघत बसले, हाताला पांढरी धूळ लागलेली होती.

विकायचं काय, हा प्रश्न पुन्हा निघाला नाही. रोखीवाल्याचा फोन आला तेव्हा नवरा शिडीवर होता, त्याने तो उचललाच नाही.

शेवटची शीट जिन्याखालची. ती लावण्याआधी बाबांनी कानावरची सुताराची जाड पेन्सिल काढली आणि उघड्या दांड्यावर पाण्याच्या डागाशी आडवी रेघ मारली. वर श्री, खाली "२९-८-२०१७, २२ इंच ३ सूत". सांगलीच्या घरात जिन्याजवळ त्यांनी २००५ ची रेघ अशीच कोरून ठेवली आहे. लेकीने खाली तिचं नाव लिहिलं, इंग्रजीत आणि मग मराठीत. आम्ही शीट चढवली, आईंनी तरफ दाबली, मी स्क्रू मारले. आठवड्याने दोघे सांगलीला गेले. बॅगेत आजींनी दिलेला टेप होता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने २००५ ला मागे टाकलं. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. बातम्या आम्ही इथून रात्र रात्र बघत होतो, आणि फोन लागत नव्हता. आई-बाबा वेळेवर निघून नातेवाइकांकडे गेले होते. आठ दिवसांनी बाबा घरात शिरू शकले. मी विचारलं, "किती होतं, बाबा?"

"अठ्ठावन्न इंच, पाच सूत."

"आणि भिंती?"

"भिंती आहेत तिथेच. गिलावा गेलाय. पाणी पिऊन बसलाय, नुसता पोकळ वाजतोय. गवंडी मिळत नाही, सगळ्या गावालाच हवाय." मागून हातोड्याचा आवाज येत होता. "मीच पाडायला घेतलाय. साडेपाच फुटांपर्यंत."

"एकटे?"

"तुझी सासू आहे की. सूत मारून घेतलंय आधी. तुमच्या त्या पोरांसारखं वाकडंतिकडं नाही."